पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स घेताय? आधी डोळा, मग लेन्स, मग भाव

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की किंवा लग्नसराई तोंडावर आली की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, लेन्स घ्यायच्यात, कुठल्या घेऊ आणि कितीला पडतील. मी उलट एकच विचारते, लेन्सचा नंबर काढून घेतलाय का? त्यावर उत्तर ठरलेलं, "चष्म्याचा नंबर आहे की, तोच चालेल ना." निव्वळ तेवढ्यावर नाही चालत. आपल्याकडे बहुतेक जण भावापासून सुरुवात करतात, मग ब्रँड, आणि डोळा सगळ्यात शेवटी, तोही लाल झाल्यावर. हा क्रम उलटा करा एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं त्यातूनच येतं.

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात काउंटरवर ऐकलेलं सांगते. कॉलेजातली मुलगी आली, "दादा, मायनस तीनच्या मंथली द्या." "कुठल्या कंपनीच्या?" "कुठल्याही, स्वस्तातल्या." दोन मिनिटांत बॉक्स पिशवीत. आधी कधी घातल्यात का, सिलिंडर (बुब्बुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागणारा नंबर) आहे का, बेस कर्व्ह (लेन्सचा आतला वक्राकार) किती, काही म्हणजे काही विचारणं नाही. अशी घेतलेली लेन्स नशिबाने बसली तर बसली, नाहीतर दोन महिन्यांत "मला लेन्स सूटच होत नाहीत" म्हणून डबी कपाटात जाते, आणि खरं तर तिला ती एक विशिष्ट लेन्स सूट झालेली नसते.

चष्म्याचा नंबर तसाच का चालत नाही

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते आणि लेन्स थेट डोळ्यावर बसते, त्यामुळे नंबर बदलतो. मायनस ४ पर्यंत हा फरक जवळजवळ नसल्यासारखाच, पण त्यापुढे तो दिसायला लागतो. चष्मा मायनस ६ चा असेल तर लेन्स साधारण मायनस साडेपाचची लागते, मायनस ८ असेल तर सव्वासातच्या आसपास. प्लस नंबरवाल्यांचं उलटं, प्लस ५ च्या चष्म्याला लेन्स थोडी जास्त पॉवरची लागते.

दुसरा मुद्दा सिलिंडरचा. तुमच्या चष्म्याच्या कागदावर सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस, म्हणजे त्या सिलिंडरचा कोन, असे दोन रकाने असतात, ते रिकामे असतील तर साधी लेन्स चालते. सिलिंडर पाऊण किंवा त्याहून जास्त असेल तर टॉरिक लेन्स लागते, ती डोळ्यावर ठरावीक कोनातच राहावी अशी बनवलेली असते आणि ती गोल फिरली की दिसणं पुसट होतं. सिलिंडर अर्ध्याचा असेल तर बरेचदा त्याचा निम्मा भाग मूळ नंबरात मिसळून साध्या लेन्सवर भागवतात आणि ते ठीक असतं. पण सिलिंडर दीड आहे आणि दुकानदार म्हणतोय की साधीच घ्या, सवय होईल, तर तिथून निघा. सवय होत नाही, डोकं दुखतं.

आणि तिसरा मुद्दा आकाराचा, जो चष्म्यात नसतोच. प्रत्येकाच्या बुब्बुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा (कॉर्नियाचा), उंचवटा वेगळा असतो, कुणाचा चपटा, कुणाचा जरा टोकदार. लेन्सचा आतला वक्राकार त्याला जुळावा लागतो, त्याला बेस कर्व्ह म्हणतात. सॉफ्ट लेन्समध्ये हा आकडा बहुतेकदा ८.४ ते ८.८ च्या दरम्यान असतो, आणि लेन्सची रुंदी म्हणजे डायमीटर १४ ते १४.५ मिलिमीटरच्या आसपास. घट्ट बसली तर डोळ्याला हवा मिळत नाही आणि संध्याकाळी लाल कडं दिसतं, सैल बसली तर पापणी मिटली की दर वेळी लेन्स सरकते आणि टोचत राहते.

तपासणी कुठे आणि कशी

तुमचे नेहमीचे डोळ्यांचे डॉक्टर असतील तर पहिला फोन तिथे. नसतील तर शिवाजीनगरची राष्ट्रीय नेत्रविज्ञान संस्था आहे, महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, शिवाय औंध, कोथरूड, कॅम्प सगळीकडे आय क्लिनिक आहेत. चांगल्या चष्म्याच्या दुकानात शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा, बसतो, तोही लेन्स फिटिंग नीट करतो, फक्त तो खरंच ऑप्टोमेट्रिस्ट आहे का आणि दुकानात स्लिट लॅम्प आहे का हे बिनधास्त विचारा. स्लिट लॅम्प म्हणजे ते यंत्र ज्यावर हनुवटी टेकवायची आणि समोरून प्रकाशाची उभी चीर येते. ते नसेल तर लेन्स डोळ्यावर कशी बसलीये हे त्याला कळणार कसं? "फ्री आय टेस्ट"ची पाटी असते तिथे चष्म्याचा नंबर मिळतो, फिटिंग मिळेलच असं नाही, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच शब्द वापरा, "कॉन्टॅक्ट लेन्स ट्रायल करायचीये." शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत कुणालाच तुमच्यासाठी पाऊण तास मिळत नाही, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा.

तिथे काय काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. मशीनवर बुब्बुळाचा उंचवटा मोजतात. पापण्यांच्या कडा आणि आतली बाजू बघतात, कोरडेपणा आहे का तपासतात. तुम्हाला अ‍ॅलर्जी असेल, डोळे सारखे खाजत असतील, सर्दीच्या गोळ्या सुरू असतील, डायबिटीस असेल तर हे आपणहून सांगा. मग ट्रायल लेन्स घालतात आणि थोडा वेळ बसवून ठेवतात, कारण पहिली पाच-दहा मिनिटं डोळ्यातून पाणी येतंच आणि तेव्हा काहीच कळत नाही. लेन्स स्थिरावली की स्लिट लॅम्पखाली तुम्हाला पापण्यांची उघडझाप करायला सांगतात आणि दर वेळी लेन्स किंचित वर सरकून परत जागेवर येते का ते बघतात. हे एवढंसं सरकणं फार महत्त्वाचं, त्यातूनच लेन्सखालचे अश्रू बदलत राहतात. अजिबात न हलणारी लेन्स सुरुवातीला सगळ्यात आरामदायक वाटते आणि तीच पुढे त्रास देते, म्हणून "जाणवतच नाहीये, हीच द्या" असं घाईने म्हणू नका.

ट्रायल घालून बाहेर एक चक्कर मारा. लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचा, मोबाईलवरचा मेसेज वाचा, पाच मिनिटं उन्हात उभे राहा. चाळिशी ओलांडली असेल तर मोबाईलची टेस्ट आवर्जून करा, कारण मायनस नंबरवाल्यांना चष्म्यापेक्षा लेन्समध्ये जवळचं वाचायला डोळ्यावर जास्त ताण येतो, चाळिशीचा नंबर लपून राहिला असेल तर लेन्स घातल्यावर एकदम समोर येतो. त्यावर मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दिसणाऱ्या, लेन्सेस आहेत, किंवा एका डोळ्याला लांबचा आणि एकाला जवळचा नंबर असाही मार्ग काढतात, पण तो घरी ठरवायचा विषय नाही. आणि ज्यांना केराटोकोनस आहे, म्हणजे बुब्बुळ शंकूसारखं पुढे येतं, त्यांना बहुतेकदा सेमी-सॉफ्ट (सॉफ्टपेक्षा कडक) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्स लागते, ती कॉर्नियाच्या डॉक्टरकडूनच घ्यावी, या लेखातलं खरेदीचं बरंचसं त्यांना लागू नाही.

निघताना कागद मागून घ्या. त्यावर दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे लेन्स नंबर, बेस कर्व्ह, डायमीटर, टॉरिक असेल तर सिलिंडर-अ‍ॅक्सिस, आणि लेन्सचं पूर्ण नाव हे सगळं हवं. नाव का, तर ८.६ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या लेन्सेससुद्धा डोळ्यावर सारख्या बसत नाहीत, मटेरियल वेगळं, कडेची जाडी वेगळी. त्यामुळे पुढे कधी दुकानदार म्हणाला की ती संपलीये, ही घ्या, सेमच आहे, तर ती सेम नसते.

डेली, दोन आठवड्यांची, की मंथली

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मंथली म्हणजे तीस वेळा वापरायची लेन्स नव्हे. सील उघडल्या दिवसापासून तीस दिवस मोजायचे, मग त्यात तुम्ही ती पंचवीस वेळा घाला नाहीतर चार वेळा. डेली म्हणजे सकाळी उघडली, रात्री कचऱ्यात, सोल्युशनमध्ये, म्हणजे लेन्स साफ करून ठेवायच्या द्रवात, बुडवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायची सोयच नाही, ती तेवढ्यासाठी बनवलेलीच नसते.

यावरून हिशोब करा. तुम्ही रोज ऑफिसला लेन्स घालणार असाल तर मंथली स्वस्त पडते, पण त्यात सोल्युशन आणि डबीचा खर्च धरा. आठवड्यातून दोनदाच घालणार असाल, म्हणजे महिन्याला आठेक जोड्या, तर डेलीचा तीसचा बॉक्स जवळजवळ दोन महिने जातो, सोल्युशन लागत नाही, डबी धुवायची नाही. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर मात्र दोन बॉक्स घ्यावे लागतात, हे लोक विसरतात आणि बजेट कोसळतं. नवशिक्या माणसाला परवडत असेल तर मी डेलीच सुचवेन. रोज नवी कोरी लेन्स, साफसफाईतल्या चुकांना जागाच नाही.

मटेरियलमध्ये दोन मोठे गट. जुनं हायड्रोजेल, त्यातून ऑक्सिजन कमी जातो, आणि सिलिकॉन हायड्रोजेल, जे १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं आणि ज्यातून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो. बुब्बुळाला रक्तवाहिन्या नसतात, ते ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतं, म्हणून आठ-दहा तास घालायच्या असतील तर सिलिकॉन हायड्रोजेल मागा. अल्कॉनची एअर ऑप्टिक्स, कूपरव्हिजनची बायोफिनिटी, जॉन्सन अँड जॉन्सनची अ‍ॅक्युव्ह्यू ओएसिस ही त्यातली पुण्यात सहज ऐकू येणारी नावं, पैकी ओएसिसची नेहमीची दोन आठवड्यांची आहे, ती महिनाभर ओढू नका. वर्षभर चालणाऱ्या लेन्सेसही अजून मिळतात, स्वस्त दिसतात, नवीन माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

रंगीत लेन्सबद्दल एकच, नंबर नसलेली असली तरी ती डोळ्यात जाणारी वस्तूच आहे, तिचंही फिटिंग लागतं. पार्लरमध्ये नवरीला "ताई, ह्या घाला, कालच धुतल्यात" म्हणून आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेल्या लेन्स देतात, ते ठाम नाही म्हणा. बहिणी-बहिणींतसुद्धा लेन्स बदलून घालायच्या नाहीत.

प्रत्यक्ष खरेदी

बॉक्सची कड वाचायला शिका. पी.डब्ल्यू.आर. म्हणजे पॉवर, आणि त्याच्या आधीचं मायनस की प्लस हे नीट बघा. बी.सी. म्हणजे बेस कर्व्ह, डी.आय.ए. म्हणजे डायमीटर, मग लॉट नंबर आणि एक्स्पायरी. आत प्रत्येक लेन्सच्या छोट्या सीलबंद कपावरही हेच सगळं छापलेलं असतं, ते जुळतंय ना बघा, आणि सील फुगलेलं किंवा ओलसर असेल तर परत करा. एक्स्पायरी जवळ आलेला माल डिस्काउंटमध्ये देतात, तो घ्यायला हरकत नाही पण तेवढ्या मुदतीत वापरून होईल का याचा विचार करून.

पहिल्या खेपेला एकच बॉक्स. "चार घ्या, एक फ्री" ऐकून सहा महिन्यांचा साठा करू नका, महिन्याभरात डॉक्टर लेन्स बदलायला सांगू शकतात. ऑनलाइन दोन-तीन ठिकाणचे भाव बघा, दुकानात तोच भाव मागा, पुष्कळदा देतात. ऑनलाइन घ्यायला माझा विरोध नाही, हातात लेन्सचा कागद असेल तर खुशाल मागवा, फक्त तिथे उजव्या-डाव्याचे रकाने घाईत उलटे भरले जातात ते तपासा. आणि हो, लेन्स आल्या म्हणून चष्मा टाकून देऊ नका. चालू नंबरचा चष्मा घरात हवाच, डोळा लाल झाला त्या दिवशी त्याच्याशिवाय घराबाहेर पडता येणार नाही.

घालणं आणि काढणं

नखं कापा. साध्या साबणाने हात धुवा, क्रीमवाला साबण नको, आणि ज्याचे धागे निघत नाहीत अशा रुमालाने पूर्ण कोरडे करा. बेसिनची जाळी बंद करा नाहीतर लेन्स थेट आत जाईल. कायम उजव्या डोळ्यापासून सुरू करा म्हणजे अदलाबदल होत नाही.

लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून डोळ्यासमोर आडवी धरून बघा, कडा सरळ वर आल्या असतील तर बरोबर, वाटीसारखी. कडा बाहेर पसरल्या असतील, बशीसारख्या, तर ती उलटी आहे. आता दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने वरची पापणी पापणीच्या केसांच्या मुळाशी धरा. अगदी मुळाशी, वर धरली तर डोळा मिटणारच. लेन्सवाल्या हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी ओढा, आरशात सरळ बघा आणि लेन्स हलकेच टेकवा, ढकलायची नाही. मग खाली बघा, सावकाश पापण्या सोडा. काढताना वर बघायचं, लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि दोन बोटांच्या पेरांनी चिमटीत घ्यायची, नखांनी नाही.

पहिल्या दिवशी एकेका डोळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागली तरी घाबरू नका. लेन्स डोळ्याच्या मागे जाते ही भीती सगळ्यांना असते. जात नाही, पापणीच्या आतलं अस्तर दुमडून डोळ्याच्या पांढऱ्या भागालाच जोडलेलं असतं, वाट बंद असते. फार तर वरच्या पापणीखाली दुमडून बसते, लेन्सवर चालणारे थेंब टाका, खाली बघा, येते. पहिल्या दिवशी चार तास पुरे, मग रोज थोडं थोडं वाढवत आठ-दहा तासांपर्यंत, आणि आठवड्याभराने दाखवायला जाच.

मेकअप करणार असाल तर आधी लेन्स मग मेकअप, उतरवताना आधी लेन्स मग मेकअप. आणि मिरच्या चिरायच्या असतील, ठेचा करायचा असेल, तर लेन्स घालणं-काढणं त्याच्या आधी उरकून घ्या. तिखट साबणाने एका धुण्यात जात नाही, ते बोटावरून लेन्सवर आणि लेन्सवरून डोळ्यात जातं.

पाणी, पाणी, पाणी

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. ओटो विख्टर्ले या चेक शास्त्रज्ञाने १९६१ साली प्रागमध्ये, घरी, मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनो-टाइप सेटचं यंत्र बनवून सॉफ्ट लेन्स काढली, आणि ती सॉफ्ट झाली तीच मुळी पाणी शोषून धरणाऱ्या प्लास्टिकमुळे. म्हणजे पाण्यात जे असेल ते ती धरून ठेवणार. नळाच्या, बोअरच्या, टँकरच्या, टाकीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो बुब्बुळात शिरला तर महिनोन्महिने उपचार चालतात आणि नजर जाऊ शकते. फिल्टरच्या पाण्यालाही हेच लागू. म्हणून लेन्स घालून आंघोळ नाही, स्विमिंग टँक नाही, पावसाळ्यात ताम्हिणीच्या धबधब्याखाली उभं राहणं नाही, लेन्स किंवा डबी नळाखाली धुणं नाही, आणि थुंकी लावून घालणं तर नाहीच नाही.

मंथलीवाल्यांनी रोज रात्री लेन्स तळहातावर घेऊन सोल्युशन टाकून बोटाने दोन्ही बाजूंनी चोळायची, परत सोल्युशनने धुवायची, मग डबीत ताजं सोल्युशन भरून बुडवायची. "नो रब" लिहिलेलं असलं तरी चोळा. कालच्या सोल्युशनमध्ये आजचं वाढवायचं नाही, पूर्ण ओतून टाका. सकाळी डबी सोल्युशनने विसळून, पुसून, टिश्यूवर उपडी उघडी ठेवा, बाथरूममध्ये नको. डबी जास्तीत जास्त तीन महिन्यांनी बदला, बाटली उघडल्याची तारीख मार्करने लिहा आणि लेबलवरची मुदत पाळा. सलाईन म्हणजे सोल्युशन नव्हे, त्याने जंतू मरत नाहीत. आणि पेरॉक्साइडचं सोल्युशन घेतलंत तर ते त्याच्या सोबतच्या खास डबीतच, ठरलेले तास पूर्ण झाल्याशिवाय लेन्स डोळ्यात घालायची नाही, फार जळतं.

झोपताना काढायची. दुपारच्या डुलकीलासुद्धा. मुंबई-पुणे शिवनेरीत बसलात आणि झोप येणार हे माहीत असेल तर चष्मा घाला. चुकून झोपलात आणि लेन्स चिकटली तर ओढू नका, लेन्सवर चालणारे थेंब टाका, काही मिनिटं थांबा, हलायला लागली की काढा.

पुण्यातल्या रोजच्या गोष्टी

टू-व्हीलरवर वारा आणि धूळ दोन्ही थेट डोळ्यात, त्यामुळे हेल्मेटची काच खाली, किंवा झीरो नंबरचा गॉगल. हिंजवडी-खराडीच्या एसी ऑफिसात स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो आणि लेन्स सुकते, डेस्कवर लेन्सवर चालणारे थेंब ठेवा, लाली घालवणारे कुठलेतरी थेंब नकोत. रंगपंचमीला आणि विसर्जन मिरवणुकीत गुलाल उडतो तेव्हा चष्माच, रंगाची पूड लेन्सखाली अडकली की ती निघेपर्यंत घासत राहते. फटाके उडवतानाही तेच. लेसिकचा, म्हणजे लेझरने नंबर घालवायच्या ऑपरेशनचा, विचार असेल तर तपासणीआधी किती दिवस लेन्स बंद ठेवायची ते डॉक्टरांना फोनवरच विचारून घ्या.

डॉक्टरकडे कधी पळायचं

डोळा लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही, चिकट येतंय, किंवा लेन्स काढूनही अंधुक दिसतंय, यातलं एकही असेल तर लेन्स लगेच काढा आणि परत घालू नका, दुसऱ्या डोळ्यातलीही काढा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर इन्फेक्शन वाढतं. काढलेली लेन्स फेकू नका, डबीत ठेवा आणि डबी, सोल्युशनची बाटली सगळं सोबत न्या, त्याचा तपासणीला उपयोग होतो. त्याच दिवशी जा. रात्र असेल, तुमचं क्लिनिक बंद असेल, तर ससूनसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि आत शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हे सांगा की मी कॉन्टॅक्ट लेन्स घालते किंवा घालतो.